दोरीवर बघा, जावईबापू

जालना जिल्ह्यातून कोण गेलं, कोण परत आलं आणि कोण नुसतंच 'जातो, जातो' म्हणत पारावर बसून राहिलं, हे माझ्या बायकोच्या मामांइतकं दुसऱ्या कुणालाही माहीत नाही. सरकारलाही नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण सरकारच्या वतीनं ही माहिती ठेवायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडेच आहे. जालन्यातल्या एका कार्यालयात मी आकडेवारीच्या टेबलावर बसतो. आणि ह्याच माणसाला मी एकदा भर कार्यालयात, साहेबांसमोर, "गावाकडचे एक गृहस्थ आहेत सर, जरा नाद आहे त्यांना," असं म्हणालो होतो. नात्याचा उल्लेखसुद्धा केला नव्हता. ही गोष्ट आधीच सांगून टाकतो. नाहीतर मामांच्या गमती सांगण्याच्या भरात मी स्वतःला हळूच बाजूला काढून घेईन, अशी मला माझीच धास्ती वाटते.

मामा एस.टी.त कंडक्टर होते. परतूर तालुक्यात आष्टीला राहतात. उंची बेताची, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांना खुर्चीत बसणं जमत नाही. कुणाच्याही घरी गेले की दाराच्या चौकटीला खांदा लावून उभे राहतात आणि चहासुद्धा तिथेच, एका हातानं चौकट धरून पितात. जणू घर आता वळण घेणार आहे. घरात चारजण जास्त झाले की "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा आहे," असं त्यांच्या तोंडून आपोआप निघतं. एकदा सत्यनारायणाला हे ऐकून गुरुजीसुद्धा पाटासकट सरकले होते. गाडीच्या बाबतीत तर त्यांचा कायदा कडक आहे. खिडकीतून हात बाहेर काढून पत्र्यावर एक थाप म्हणजे थांबा, दोन थापा म्हणजे चला. माझी छोटी गाडी मी माझ्या पैशांनी घेतली, चालवतोही मी. पण मामा शेजारी असले की दोन थापा पडल्याशिवाय ती हलत नाही. एकदा अंबड चौफुलीवर पोलिसानं हात करून जायला सांगितलं, मागून हॉर्नचा गोंधळ सुरू झाला, तरी मामांचा हात स्थिर. म्हटलं, "मामा, चलायचं ना?" तर म्हणाले, "थांबा हो, त्या बाई येऊन राह्यल्या." त्या बाई त्यांच्या त्यांच्या घरी चालल्या होत्या. त्या रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या, मामांनी त्यांच्याकडे जराशा नाराजीनं पाहिलं, आणि मग दोन थापा पडल्या.

माणूस किती दिवसांसाठी गाव सोडतो आहे, हे मामा त्याच्या सामानावरून सांगत. त्यांचा नियम साधा होता. "पिशवी असली की माणूस संध्याकाळी परत. पेटी असली की सणाला परत. तवा घेतला की हंगाम सरल्यावर परत. आन देव्हाऱ्यातले देव घेतले की मंग त्याची वाट पाहू नये." तिकीट देताना त्यांची नजर आधी सामानावर जायची, मग चेहऱ्यावर. एकदा शहागडला पुलाजवळ एक तरुण नवरा-बायको बसमध्ये चढले. "पाहुण्याकडं चाललो, आठ दिवस," नवरा कुणी न विचारताच म्हणाला. मामांनी बाईच्या मांडीवरच्या बोचक्यावर बोटांनी टकटक केली. आतून तवा वाजला.

"पाहुण्याकडं तवा न्हाई का?"

बस हसली, बाई हसली, नवरा मात्र खिडकीबाहेर बघायला लागला. मामांनाही मग वाईट वाटलं असावं. तिकीट हातात देताना हळू आवाजात म्हणाले, "जा बराबर. पण येताना माझीच गाडी धरा." होळीच्या आसपास ते दोघं खरोखरच त्यांच्याच गाडीनं परत आले. मामांनी तिकिटाआधी बोचक्यावर टकटक केली. तवा होता. त्या दिवशी मामांनी डेपोत सगळ्यांना सांगितलं म्हणे, "शहागडचा तवा परत आला." कुणाला काही कळलं नाही, पण मामांचा आनंद बघून सगळ्यांनी चहा घेतला.

अशा वर्षानुवर्षांच्या टकटकीतून मामांचं एक शास्त्र तयार झालं. त्यातलं पहिलं वाक्य असं, की जिल्हा म्हणून काही नसतंच. "आठ तालुके, आठ तऱ्हा," ते म्हणत. भोकरदन-जाफराबादकडे बियाण्यांचे प्लॉट असल्यामुळे माणसांना गावातच काम मिळतं, उलट बाहेरचीच माणसं तिकडे कामाला येतात. अंबड-घनसावंगीकडे ज्यांच्या शेताला कालवा लागला ती माणसं जागची हलत नाहीत, आणि ज्यांच्या शेताला लागला नाही ती दिवाळी झाली की हलतात. मंठा-परतूरच्या माळावरून ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जातात, पार कर्नाटकापर्यंत. आणि बदनापूर रोज सकाळी जातं आणि रोज संध्याकाळी परत येतं. हे सगळं ते एका सुरात, पाढे म्हणावेत तसं म्हणत, आणि शेवटी दार धरून बजावत, "आन तालुकाबी एक नसतो, जावईबापू. कालव्याच्या अल्याडचं गाव वायलं आन पल्याडचं वायलं."

ह्या शास्त्राची पहिली झळ मला माझ्या लग्नात बसली. मी मूळचा बदनापूरचा. मुलगी पाहायला आष्टीला गेलो, तेव्हा बाकीचे लोक शिक्षण, नोकरी, कुंडली विचारत होते. मामा दारात उभे. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गाव?"

"बदनापूर."

"म्हंजे सकाळच्या रेल्वेनं जाता आन संध्याकाळच्या रेल्वेनं येता?"

"हो."

मामा माझ्या होणाऱ्या सासूबाईंकडे वळले. "देऊन टाक, अक्का. हा पिशवीवाला आहे. डबा घेऊन जातो, डबा घेऊन येतो." माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या निर्णयात माझ्या बाजूनं मांडला गेलेला एवढाच मुद्दा होता, आणि तो मान्य झाला. बायको अजूनही माझ्यावर चिडली की म्हणते, "मामांनी फक्त डबा पाहिला, माणूस पाहिलाच नाही."

सरासरी ह्या शब्दावर मात्र मामांचा फार राग. माझं तर पोटच सरासरीवर चालतं. तालुक्याची सरासरी, जिल्ह्याची सरासरी, मागील तीन वर्षांची सरासरी. मी एकदा मोठ्या उत्साहानं त्यांना समजावून सांगितलं, की काही गावांतून जास्त लोक जातात, काहींतून कमी, तर आपण सगळ्यांचं मिळून एक मधलं काढतो. मामांनी ते ऐकून घेतलं. पुढच्याच आठवड्यात आष्टीत लग्न होतं. पंगत बसली. जिलबीचं ताट फिरू लागलं आणि वाढपी माझ्यासमोरून सरळ पुढे गेला. मला वाटलं चुकलं असेल. दुसऱ्यांदा आला, पुन्हा पुढे गेला. सासरच्या पंगतीत जावयाचं पान जिलबीविना! समोरच्या ओळीत मामांच्या पानात मात्र जिलब्यांची चळत लागली होती. बायकोच्या मावशींनी ते पाहिलं आणि त्या वाढप्यावर धावून गेल्या, "आरं, डोळे फुटले का? जावई बसलेत ना!" वाढपी रडकुंडीला येऊन म्हणाला, "मामांनीच सांगितलंय वाढू नको म्हणून!" सगळी पंगत थांबली. मामा शांतपणे माझ्याकडे बघून म्हणाले, "जावईबापू, आपण दोघांत मिळून आठ जिलब्या आल्या. तुमच्या हिशेबानं चार तुम्ही खाल्ल्या. भरलं का पोट?"

मावशी त्यांच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. मी हसलो, कारण सगळे हसत होते. पण मला ते कळलं नव्हतं. नुसतं हसू आलं होतं. कळायला मला फार वेळ लागला, आणि त्या वेळाची किंमत दुसऱ्यांनी दिली.

निवृत्तीनंतर मामांचं शास्त्र घरी बसेल असं सगळ्यांना वाटलं होतं. उलट ते पायी चालू लागलं. दिवाळी होऊन ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या, की मामा वही घेऊन एकेका गावी जायचे आणि किती घरं रिकामी झाली ते लिहून आणायचे. कशासाठी, असं विचारलं तर म्हणायचे, "तीस वर्षं लोकाइला जायचं तिकीट दिलं. आले का न्हाई, बघायला नको?" सुरुवातीला ते दारांवरची कुलपं मोजत. कार्यालयातही आम्ही तेच करतो. कुलूप दिसलं, घर गेलं. पण एका वर्षी त्यांच्या लक्षात आलं, की माळावरच्या गावांत कुलपं फारशी नसतातच. जाणारी माणसं म्हाताऱ्यांना मागे ठेवून जातात. दार उघडं, उंबऱ्यावर म्हातारी बसलेली; बघणाऱ्याला वाटतं घर नांदतं आहे. आणि आत चार-सहा माणसांपैकी ती एकटीच.

तेव्हापासून मामा दोऱ्या बघायला लागले. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. ज्या दोरीवर नुसतं एक धोतर किंवा एक लुगडं, ते घर गेलं. ज्या दोरीवर लेकराचं झबलं, शाळेची चड्डी, पोरीचा फ्रॉक, ते घर आहे. इतकं सोपं आणि इतकं अचूक काही मी आकडेवारीच्या कुठल्याही प्रशिक्षणात ऐकलेलं नाही. अर्थात, हे काम करताना मामांची जी शोभा व्हायची तीही कुठल्या प्रशिक्षणात ऐकली नाही. साठी उलटलेला माणूस, हातात वही-पेन्सिल, आणि दुपारच्या वेळी लोकांच्या परसातल्या दोरीकडे टक लावून उभा. एका गावात एक बाई झाडू घेऊनच बाहेर आल्या.

"काय ओ, दोरीवरचं काय मोजून राह्यले?"

"कपडे, बाई."

"लाज न्हाई वाटत? पांढरे केस झाले!"

"माझी वही बघा ना, बाई. तुमच्या दोरीला मी चांगलंच लिहिलंय."

बाईंनी वही घेतली. त्यांना वाचता येत होतं. त्यांच्या घरापुढे लिहिलं होतं, 'तीन फ्रॉक, एक चड्डी, एक बापाचा सदरा. घर आहे.' शेजारच्या घरापुढे, 'एक लुगडं. घर गेलं.' बाई बराच वेळ वाचत राहिल्या. मग झाडू खाली ठेवून मामांना चहाला बसवलं म्हणे, म्हणजे चौकटीत उभं केलं, आणि गल्लीतल्या उरलेल्या दोऱ्या स्वतः सांगितल्या.

मामांनी हे मला सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. जेवताना बायकोलाही करून दाखवलं. मामाही हसले. नंतर एवढंच म्हणाले, "हसा, पण तुमच्या कामाला निघाल तेव्हा दोरीवर बघा, जावईबापू."

आता माझी गोष्ट सांगतो.

आई-बाप ऊसतोडीला गेले की लेकरंही त्यांच्याबरोबर उसाच्या फडावर जातात आणि अर्धं वर्ष शाळा बुडते. म्हणून अशा गावांत हंगामी वसतिगृह चालवतात. लेकरं गावातच राहतात, शाळेत शिकतात, जेवणाखाणाची आणि झोपायची सोय तिथेच होते. कुठल्या गावाला त्याची गरज आहे ह्याच्या यादीचं काम त्या वर्षी माझ्याकडे आलं. गावं डझनभर होती आणि आठवडा एकच. प्रत्येक गावी स्वतः जाऊन बघायचं होतं. बहुतेक गावी मी गेलो. शेवटचं राहिलं ते परतूर तालुक्यातलं माळावरचं एक गाव. त्या दिवशी मला कंटाळा आला. दुसरं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. मी गावातल्या एकाला फोन लावला आणि विचारलं, "कुलपं किती दिसतात?" तो म्हणाला, "पाच-सात असतील, सर." खोटं बोलला नाही तो. कुलपं तेवढीच होती. मी तालुक्याची सरासरी काढून बघितली, तीही कमीच होती, कारण तालुक्यातल्या कालव्याखालच्या गावांनी ती खाली ओढली होती. दोन्ही गोष्टी छान जुळल्या. मी कागदावर लिहिलं, 'प्रत्यक्ष भेट दिली. स्थलांतर अल्प.' आणि सही केली.

चार-पाच दिवसांनी मामा कार्यालयात आले. पँटच्या पायांना गुडघ्यापर्यंत धूळ, काखेत वही. नेहमीप्रमाणे दाराच्या चौकटीत उभे राहिले. साहेब नेमके माझ्या टेबलापाशी होते. मामांचा आवाज तर सगळ्या खोलीला पुरणारा. "ते माळावरचं गाव यादीत न्हाई म्हणतात. मी परवा चालत जाऊन आलो. सगळ्या दोऱ्या लिहिल्यात. चाळीसाच्या वर लेकरं चाललीत फडावर. अर्ध्या टोळ्या गेल्या, अर्ध्या अजून निघायच्यात, आज काही केलं तर व्हईल."

साहेबांनी मला विचारलं, "कोण हे?"

माझा खोटा कागद साहेबांच्या हातात होता. मामा एक वाक्य पुढे बोलले असते, तर मी त्या गावी गेलोच नाही हे उघडं पडलं असतं. मी म्हणालो, "गावाकडचे एक गृहस्थ आहेत सर. जरा नाद आहे त्यांना. लोकांच्या दोरीवरचे कपडे मोजतात."

शेजारचे दोघं हसले. साहेबही थोडे हसले आणि आत गेले.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला अजून ती नजर आठवते, पण तिच्यात राग होता असं मी म्हणू शकत नाही. राग असता तर सोपं गेलं असतं. त्यांनी वही काखेत नीट घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बरं साहेब. येतो मी."

जावईबापू नाही, साहेब म्हणाले. लग्न झाल्यापासून त्यांनी मला दुसऱ्या कुठल्याही नावानं हाक मारली नव्हती. मी नातं लपवलं हे त्यांनी त्या क्षणी ओळखलं आणि माझ्यासाठी तेही ते नातं लपवायला लागले.

त्या वर्षी त्या गावाला वसतिगृह मिळालं नाही. मामा मला काही बोलले नाहीत. उलट जानेवारीत हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या घेऊन घरी आले, चौकटीत उभं राहून चहा प्याले, "जावईबापू, रेल्वे येळेवर चालती का?" असं नेहमीचं विचारलं आणि गेले. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही मामांशी नीट बोलला का नाहीत?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. तो हरभरा मला गिळवला नाही.

एका रविवारी, कुणालाही न सांगता, मी त्या गावी गेलो. पहिल्यांदाच. दुपारची वेळ होती. गावात कुलपं खरोखरच पाच-सात होती. आणि दोऱ्यांवर, एकामागून एक, धोतर. लुगडं. लुगडं. धोतर आणि टॉवेल. एक दोरी नुसतीच हलत होती. संबंध गल्लीत मला लेकराच्या मापाचा एकही कपडा दिसला नाही. शाळेत एक मास्तर होते आणि समोर मोजकी पाच लेकरं, ती पण एकमेकांपासून लांब लांब बसलेली, आपापल्या जुन्या जागा न सोडता. पत्र्याच्या घरासमोर एक म्हातारी बसली होती. मी कोण, हे तिनं विचारलं नाही. "नातरं बी नेली बाबा," ती आपणहून म्हणाली. "मला दिसत न्हाई, मी कशी सांभाळू? औंदा वस्तीगृह येनार व्हतं म्हणं. कुनी साहेब आल्ता म्हणं बघायला. त्याला आमची गरज दिसली न्हाई."

मी तिला सांगायला हवं होतं. मी पाणी मागितलं, प्यालो आणि परत आलो.

पुढच्या हंगामाच्या यादीची वेळ आली तेव्हा मी साहेबांना लेखी दिलं, की मागच्या यादीच्या वेळी मी त्या गावी गेलो नव्हतो, नोंद खोटी आहे, आणि सोबत एका निवृत्त कंडक्टरच्या वहीची नक्कल जोडत आहे. ती नक्कल मिळवायला मी आष्टीला गेलो होतो. मामांनी का हवी हे न विचारता वही दिली. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "ते दारात उभे होते, तेच का?" मी हो म्हणालो. "तुमचे कोण?" तेव्हा मी सांगितलं. मला लेखी ताकीद मिळाली, ती योग्यच होती. वसतिगृह मंजूर झालं. ज्यांचं एक वर्ष गेलं त्यांचं ते काही परत आलं नाही.

इतकं सगळं करूनही एक गोष्ट मी करत नव्हतो. कागदावर कबूल करायला मला जमलं. मामांच्या तोंडासमोर जमेना. कार्यालयात एकदा गेलेला शब्द कागदानं खोडता येतो. माणसाच्या कानात गेलेला कशानं खोडायचा, हे मला माहीत नव्हतं.

मधल्या काळात मामांना काचबिंदूनं गाठलं. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचंही धुरकट. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येत नाही, आहे ते जपा. मामांनी हेही आपल्या शास्त्रात बसवलं. "नजरेनं तवा घेतला न्हाई," मला म्हणाले, "देवच घेतले." आणि स्वतःच हसले. मला हसता आलं नाही.

ह्या वर्षी टोळ्या गेल्यावर त्यांचा फोन आला. "जावईबापू, रविवारी जल्दी या. माळावर जाऊ. वही हाय, पेन्सिल हाय, डोळे तेवढे तुमचे आणा."

मी गाडी घेऊन गेलो. ते शेजारी बसले, चाचपडत खिडकीबाहेर हात काढला, दोन थापा मारल्या, आणि आम्ही निघालो. गावात शिरल्यावर मी गाडी हळू केली. एकेका घरासमोर एक थाप पडायची, मी थांबायचो. "दोरीवर बघा," मामा म्हणायचे, आणि मी सांगायचो. एक लुगडं. एक धोतर, एक बंडी. एक लुगडं. सांगून झालं की मीच त्यांच्या वहीत लिहायचो, मग दोन थापा. माणसं ह्याही वर्षी गेली होती. वसतिगृहानं त्यांचं जाणं थांबत नाही, एवढं मोठं काम त्याच्या हातात नाही. पत्र्याच्या घरासमोर ती म्हातारी दिसली नाही. दोरीवर एक लुगडं मात्र वाळत होतं, म्हणून मला बरं वाटलं.

शेवटी शाळा आली. वसतिगृह सुरू झाल्याचं मामांना मी सांगितलं नव्हतं. धुरकट भिंत दिसली तशी सवयीनं एक थाप पडली. "ही शाळा आहे," मी म्हणालो.

"इथं कशाला थांबायचं, शाळेला कुठं दोरी असती?" ते स्वतःशीच म्हणाले.

"आहे, मामा."

"काय हाय दोरीवर?"

मी सांगायला लागलो. खिडकीच्या गजापासून लिंबाच्या झाडापर्यंत दोरी बांधली होती, आणि ती पुरली नाही म्हणून पुढे झेंड्याच्या खांबापर्यंत दुसरी. एक निळी चड्डी. एक पांढरा सदरा, शाईचा डाग असलेला. एक लाल फ्रॉक, त्याचं एकच बटण शिल्लक. परत निळी चड्डी. एक स्वेटर उलटा टाकलेला. हातरुमालाएवढा एक परकर. मी मोजत होतो आणि मध्येच चुकत होतो. मामांनी मान कलती करून ऐकलं.

"सगळे बारकेच हाईत का?"

"सगळे बारकेच, मामा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. त्यानं काही फरक पडणार नव्हता, तरी शाळेच्या दिशेनं बघत राहिले.

मी गाडी बंद केली. म्हणालो, "मामा, त्या साली मी इथं आलो नव्हतो. खोटं लिहिलं."

"माहीत हाय मला," ते शांतपणे म्हणाले. "त्या महिन्यात पुलाचं काम काढल्तं. गाडी सोडा, सायकल बी येत नव्हती गावात. मी ओढ्यातून चालत आल्तो. आन तुम्ही कंडक्टरला सांगता व्हय, भेट दिली म्हणून?"

त्यांना हसू आलं होतं. मला पुढे बोलायचं होतं आणि ते त्यांना कळलं. त्यांनी हात बाहेर काढला आणि पत्र्यावर एक थाप मारली. थांबा.

मामांची ही थापांची घंटी मी आजवर कधी मोडली नव्हती. त्या दिवशी मोडली. थांबलो नाही. म्हणालो, "साहेबांसमोर मी म्हणालो, की गावाकडचे कुणी गृहस्थ आहेत, त्यांना नाद आहे. हे माझे मामेसासरे आहेत, एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. तुम्ही ते ऐकलंत, आणि तरी मला साहेब म्हणून सांभाळून घेतलंत. माझं चुकलं, मामा. मला माफ करा."